शनैश्चर डोंगर

गेल्या अंकांत आम्हीं पावसाच्या नक्षत्रांविषयीं चार शब्द लिहिले होते. तें वाचून कोंकणांतील एका भगिनीनें आम्हांस पत्र धाडलें आहे. त्या लिहितात : "मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस आपण वर्णिलात, तो वाचून बरें वाटलें. परंतु आमच्या घरामागें डोंगर आहे, आणि पावसानें सूर धरला म्हणजे आम्हां बायकांचा डोळा लागत नाहीं. दरड कोसळते ती एकाएकीं, कीं ती आधीं कांहीं सांगते? सांगत असेल तर तें कसें ऐकावें, हें एकदां लिहावें." प्रश्न लहान आहे, पण तो विचारणारीच्या उशाशीं चार महिने बसून असतो. शिवाय या प्रश्नाशीं आमच्या स्वतःच्या घराचाहि एक जुना हिशेब आहे. तो आज वाचकांसमोर चुकता करावा, असें आम्हीं ठरविलें आहे.

संस्कृतांत पर्वताला 'अचल' म्हणतात आणि 'नग' असेंहि म्हणतात. न गच्छति इति नगः. जो जात नाहीं तो नग. व्यवहारांत घर-जमिनीला आपण 'स्थावर' मिळकत म्हणतों, आणि भांडीं-दागिने जंगमांत धरतों. शाळेंत आम्हीं हे विग्रह पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतले. पुढें वय झाल्यावर कळलें कीं, निसर्गानें आमचें व्याकरण कधींच मान्य केलेलें नाहीं. नग चालतो. कित्येकदां तो आपल्याला पाठीवर घेऊन चालत असतो, आणि आपण त्याच्या पाठीवर बसून स्थावर मिळकतीचे कागद करीत असतों.

डोंगर खचण्याचे स्थूलमानानें दोन प्रकार. पहिला आपणां सर्वांच्या काळजांत रुतलेला आहे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर डोंगर उतरला आणि दीडशेंच्या आसपास माणसें मातीखालीं गेलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापुराकडील इर्शाळवाडी. धो धो पावसानें भिजलेली उतारावरील माती अशा वेळीं कांहीं क्षणांत आपलें भयंकर काम उरकते. आमच्या पत्रलेखिका भगिनींच्या मनांत हीच भीति आहे, आणि ती अनाठायीं नाहीं.

दुसरा प्रकार अगदीं निराळ्या स्वभावाचा. तो वर्षाला बोटभर सरकतो, कधीं वीतभर, कधीं दोन-चार हात. शेंकडों वर्षें सरकतो. मध्येंच थांबतो, पुन्हां निघतो. ज्योतिषांत शनीला 'शनैश्चर' म्हणतात, कारण तो सावकाश चालतो. एका राशींतून जावयाला त्याला सुमारें अडीच वर्षें लागतात. पण तो हळू चालतो म्हणून त्याचें भय कमी, असें म्हणणारा अजून आम्हांस भेटलेला नाहीं. या दुसऱ्या प्रकारच्या दरडीला आम्ही शनैश्चर दरड म्हणतों. शास्त्रज्ञांनीं दरडींच्या वेगाचें कोष्टकच केलें आहे. वर्षाला १६ मिलिमीटरांहून कमी सरकणारी ती अत्यंत मंद. तेथून वर्षाला १.६ मीटरपर्यंत ती अतिमंद; त्याच्या पुढें मंद, मध्यम, शीघ्र असें चढत चढत सेकंदाला ५ मीटरांहून अधिक धांवणारी ती अत्यंत शीघ्र. एकाच नांवाखालीं गोगलगाय आणि घोडा दोन्ही यावेत, तशांतला हा प्रकार आहे.

या शनैश्चर दरडीचें माहेर म्हणजे चिकणमाती. वाळूचा कण लहान खड्यासारखा असतो. चिकणमातीचे कण अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे चपटे आणि डोळ्यांना न दिसण्याइतके सूक्ष्म. या पापुद्र्यांमध्यें पाणी शिरतें तें लवकर बाहेर पडत नाहीं. देशावरील वाचकांना आपली काळी जमीन ठाऊक आहे : वैशाखांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि श्रावणांत ती फुगून भेगा गिळून टाकते. त्या जमिनींत चिकणमातीचा जो फुगणारा प्रकार असतो, तोच कांहीं डोंगरांच्या पोटांत थराच्या रूपानें बसलेला असतो.

पाण्यानें माती जड होते आणि म्हणून घसरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. उरलेली अर्धी गोष्ट स्वयंपाकघरांत पाहावयास मिळते. ऊन पाण्यानें धुतलेली वाटी ओल्या ओट्यावर पालथी घातली कीं, कधीं कधीं ती कोणी हात न लावतां आपली आपण सरकूं लागते. कां? आंत कोंडलेली हवा तापून फुगते आणि वाटीचें कांहीं वजन स्वतःवर तोलून धरते. मग वाटीच्या कडेवर ओट्याची पकड राहत नाहीं, आणि ओट्याचा नकळत उतारहि तिला पुरतो. डोंगराच्या पोटांत हवेच्या जागीं पाणी असतें. कणांच्या फटींत कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढला कीं, वरच्या मातीचें वजन कणांवर पडण्याऐवजीं पाण्यावर पडतें. आणि पाणी घर्षण करीत नाहीं. कार्ल टेरझागी या प्रागमध्यें १८८३ सालीं जन्मलेल्या विद्वानानें हा सिद्धान्त मांडला, आणि त्याच्या १९२५ च्या ग्रंथापासून मातीचें यंत्रशास्त्र हें स्वतंत्र शास्त्र म्हणून उभें राहिलें. वजन तेंच, उतार तोच. फक्त पाण्याचा दाब बदलला, आणि डोंगराचे पाय सुटले.

चिकणमातीचा दुसरा गुण याहूनहि चमत्कारिक आहे. न विंचरलेले केस कसे एकमेकांत गुंतलेले असतात! त्यांतून फणी फिरविली कीं सगळे केस एका दिशेनें बसतात आणि पुढच्या वेळीं फणी विनासायास जाते. चिकणमातीचे चपटे कण आधीं वेडेवांकडे पडलेले असतात. म्हणून पहिल्यांदा घसरण्याला तिचा विरोध मोठा असतो. पण एकदां डोंगर कांहीं हात घसरला कीं त्या पातळीवरचे कण ओळीनें निजतात. पुढें ती पातळी खणून काढली तर आरशासारखी गुळगुळीत, रेघोट्या उमटलेली दिसते. तिची जुनी ताकद परत येत नाहीं. इंग्लंडमधील प्राध्यापक स्केम्प्टन यांनीं १९६४ सालच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत या शिल्लक उरलेल्या ताकदीचें महत्त्व दाखवून दिलें. लंडनच्या आसपास आगगाडीसाठीं चिकणमातींत केलेले खोदकाम वीस, तीस, चाळीस वर्षें नीट उभें राहून मग ढांसळलें होतें. इतकीं वर्षें तें कसलें कारण शोधीत होतें? खोदल्यावर ओझें हलकें झालेली माती कणाकणानें पाणी ओढून घेत फुगत होती, आणि हें काम चिकणमातींत इतकें सावकाश चालतें कीं खोदणारा निवृत्त होऊन जातो, तेव्हां कोठें त्याच्या खोदकामाचा निकाल लागतो.

यावरून एक व्यावहारिक सूत्र निघतें. जो उतार पूर्वीं एकदां घसरला आहे, तो पुन्हां घसरावयास फार थोडें निमित्त पुरतें. अशी जमीन ओळखणें कठीण असतें, कारण ती दिसावयाला मोठी लोभस असते. डोंगराच्या चढावांत मध्येंच सौम्य, रुंद पायरी, माती भुसभुशीत, ठिकठिकाणीं झरे. जपानांतील निइगाताकडे भातशेतीच्या कित्येक पायऱ्या अशाच जुन्या घसरलेल्या जमिनींवर आहेत. हिमालयांतहि अनेक गांवें जुन्या दरडींच्या ढिगाऱ्यांवर वसलेलीं आहेत. जोशीमठ हें त्यांतलें सर्वांना ठाऊक झालेलें नांव. १९७६ सालच्या सरकारी समितीनें तेथील जमिनीविषयीं सावध केलें होतें, आणि जानेवारी २०२३ मध्यें घरांच्या भिंती दुभंगल्या. माणूस तेथें वेडेपणानें जात नाहीं. सपाटी आणि पाणी पाहून जातो. दरडीनेंच त्याच्यासाठीं अंगण करून ठेवलेलें असतें.

आतां प्रश्न येतो कीं, घसरावयाचेंच आहे तर डोंगर एकदम कां येत नाहीं? याचें एक कारण असें कीं, त्याच्या पोटांत ब्रेक असतो. घसरत्या थरांतील कण एकमेकांवर चढून पुढें जातात, तेव्हां तो थर किंचित् फुगतो आणि फटी वाढतात. वाढलेल्या फटी भरावयाला पाणी हवें. पण चिकणमातींतून पाणी लवकर येत नाहीं. पिचकारीचें तोंड बोटानें दाबून दट्ट्या मागें ओढला तर तो जसा अडतो, तसा डोंगर अडतो. पाणी झिरपून पोंचलें कीं पुन्हां थोडा पुढें, पुन्हां अडला. मात्र सगळ्या मातींत हा ब्रेक नसतो. नॉर्वेंतील कांहीं चिकणमाती मूळ समुद्रतळाची; पावसानें तिच्यांतील मीठ धुऊन गेलें कीं ती वरून घट्ट पण ढवळली तर ताकासारखी होते. ३० डिसेंबर २०२० रोजीं येर्द्रुम येथें तिनें रात्रींतून घरें गिळलीं. तेव्हां चिकणमाती म्हणजे सावकाशच, असें कोणी समजूं नये.

शनैश्चराचें नमुनेदार उदाहरण पाहावयाचें तर अमेरिकेंतील कोलोराडो प्रांतांत जावें. तेथें स्लमगलियन नांवाची दरड आहे. ज्वालामुखीचे खडक गरम वाफांनीं कुजून चिकणमाती झालेला हा डोंगर सुमारें सातशें वर्षांपूर्वीं घसरला आणि त्यानें नदी अडवून एक मोठें सरोवर निर्माण केलें. त्या दरडीवर सुमारें तीनशें वर्षांपासून आणखी एक दरड चालत आहे. जवळजवळ चार किलोमीटर लांब, आणि वेग जेथें सर्वांत अधिक तेथें दिवसाला सुमारें दोन सेंटिमीटर. अंगावरचीं झाडें वाकडींतिकडीं होऊन तिच्याबरोबर चाललीं आहेत. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, हवेचा दाब रोज जो थोडासा चढतो-उतरतो, त्याच्या उतरण्याबरोबर या दरडीचें पाऊल पुढें पडतें. हवेचा तो फरक आपल्या कानालाहि कळत नाहीं. पण जो डोंगर पडणें आणि राहणें यांच्या अगदीं कडेवर उभा आहे, त्याला तेवढाहि पुरतो.

एऱ्हवीं या दरडींचें पंचांग पावसाचें असतें. पण पावसाचा आणि सरकण्याचा दिवस एक नसतो. खोलवर चिकणमातींत पाण्याचा दाब चढावयाला कित्येक दिवस, कधीं महिने लागतात. म्हणून एका मुसळधार रात्रीपेक्षां सगळ्या हंगामाचा पाऊस येथें महत्त्वाचा. आणि आकाश निवळलें म्हणजे जमीन निवळली, असें होत नाहीं. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्यें मॅम टॉर नांवाचा डोंगर आहे. हजारों वर्षांपूर्वींच्या त्याच्या दरडीवरून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रस्ता काढला. ओला हिवाळा आला कीं रस्ता खचे, आणि लोक वर नवा थर घालीत. असें दीडशें वर्षांहून अधिक चाललें. अखेर १९७९ सालीं सरकारनें हात जोडून रस्ता कायमचा बंद केला. आज त्या मोडक्या रस्त्याच्या कडेला डांबराचे थरावर थर दिसतात. माणसाच्या चिकाटीचें तें स्मारक म्हणावें, कीं ऐकून न घेण्याचें, हें वाचकांनींच ठरवावें.

कॅलिफोर्नियांतील समुद्रकांठचें पोर्तुगीज बेंड हें याहून शिकविणारें उदाहरण आहे. तेथील जुनी दरड फुगणाऱ्या चिकणमातीच्या थरावर बसलेली. १९५६ सालीं वरच्या अंगास रस्त्याचें काम चालू असतां ती जागी झाली आणि शंभराहून अधिक घरें गेलीं. उरलेल्या लोकांनीं तिच्याशीं संसार मांडला. सांडपाण्याचे नळ जमिनीवरून नेले, रस्ता पुन्हां पुन्हां सारखा केला, घरें उचलून समतोल केलीं. सहा दशकें हें चाललें. मग २०२३ आणि २०२४ असे लागोपाठ दोन हिवाळे ओले गेले. २०२४ च्या उन्हाळ्यांत कांहीं भाग आठवड्याला फूटभर सरकूं लागला. घरांची वीज आणि गॅस तोडावा लागला, आणि १९५१ पासून तेथें असलेलें कांचेचें सुप्रसिद्ध प्रार्थनामंदिर भाग-भाग सुटे करून उचलून न्यावें लागलें. साठ वर्षें ज्याची संवय झाली, तो पाहुणा एकसष्टाव्या वर्षींहि संवयीप्रमाणेंच वागेल, असें त्यानें कोठें कबूल केलें होतें?

याहून घोर गोष्ट इटलींतील वायोंतची. तेथें २६२ मीटर उंचीचें धरण बांधलें. पाणी भरूं लागतांच शेजारचा डोंगर सरकूं लागला. १९६० सालीं त्याच्या माथ्यावर दोन किलोमीटर लांबीची भेग पडली. पुढें तीन वर्षें डोंगर कधीं सावकाश, कधीं किंचित् जलद असा चालत राहिला. सरोवराची पातळी कमी-अधिक करून त्याचा लगाम आपल्या हातीं ठेवतां येईल, अशी तेथील जाणत्यांची समजूत झाली. चुनखडकांच्या मध्यें असलेल्या चिकणमातीच्या पातळ थरांनीं ती समजूत खोटी पाडली. अखेरच्या दिवसांत वेग दिवसाला वीस सेंटिमीटरांवर गेला, आणि ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्रीं पंचवीस कोटि घनमीटरांहून अधिक डोंगर एकदम सरोवरांत आला. लाट धरणावरून उडाली. धरण उभेंच राहिलें. खालचें लोंगारोने गांव राहिलें नाहीं. सुमारें दोन हजार माणसें गेलीं. आमच्या भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे : डोंगर सांगत होता, तीन वर्षें सांगत होता. ऐकणाऱ्यांनीं त्याच्या सावकाशपणालाच अभय मानलें.

उलट स्वित्झर्लंडमधील ब्रिएन्झ गांव पाहा. हा डोंगर निव्वळ चिकणमातीचा नव्हे. पण गांव आणि वरचा उतार दोन्ही कित्येक वर्षें सरकत आहेत, आणि त्याचें माप रोज घेतलें जातें. माप वाढलें म्हणून मे २०२३ मध्यें गांव रिकामें केलें. १५ जूनच्या रात्रीं दहा लाख घनमीटरांहून अधिक खडक खालीं आला आणि गांवाच्या अगदीं उंबरठ्याशीं थांबला. एकहि माणूस दगावला नाहीं. दोन्ही डोंगर बोलत होते. एका ठिकाणीं कोणी वही घेऊन बसलें होतें आणि त्या वहीवर विश्वास ठेविला गेला, एवढाच फरक.

या वहीचें गणित इंग्रजी चौथीच्या मुलालाहि येईल असें आहे. जपानी अभियंत्यांनीं त्याचा विशेष अभ्यास केला. समजा, भेगेच्या दोन्ही बाजूंस खुंट्या आहेत. एक सेंटिमीटर सरकावयास आज दहा दिवस लागतात. दहा दिवसांनीं पाहिलें तर आठ लागतात, आणखी दहा दिवसांनीं सहा, मग चार. हे आंकडे कागदावर मांडून रेघ ओढा. ती शून्याला कोठें टेकते तें पाहा. तो दिवस डोंगराच्या मनांतला. पाऊस थांबला, तर रेघ पुन्हां वर वळते, आणि पुष्कळदां वळते. म्हणून हें भविष्य नव्हे, इशारा आहे. परंतु रेघ शून्याकडे चालली असतां घरांत बसून वाद घालणें हें शहाणपण नव्हे. आतां तर आकाशांतूनहि ही वही लिहिली जाते. भारत आणि अमेरिका यांचा 'निसार' नांवाचा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघाला; तो दर बारा दिवसांनीं त्याच जमिनीवर येऊन सेंटिमीटरांतले फरक टिपण्यासाठीं केलेला आहे. माळीणच्या घटनेला त्या दिवशीं बरोबर अकरा वर्षें झालीं होतीं.

आतां आमचा हिशेब. आमचें मूळ घर दक्षिण कोंकणांत, उताराच्या पायरीवर आहे. वर जांभा, खालीं पिवळट-पांढरी चिकणमाती, मागें झरा. २०१९ च्या श्रावणांत आम्ही घरीं गेलों असतां थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, परसूचें दार मिटत नाहीं हो. चौकट तिरकी झाल्यासारखी वाटते." आम्हीं हंसून म्हटलें, "वहिनी, पावसांत लांकूड फुगतें. तुमचें आमचें वय झालें तसें दाराचेंहि झालें." सर्वजण हंसले, आणि वहिनी आंत गेल्या. वाचकहो, लांकूड फुगलें असेल तर तें मार्गशीर्षांत आटतें. मार्गशीर्षांत दार मिटलें नव्हतें. वहिनींनीं तेंहि सांगितलें होतें, फोनवर. जन्मभर मुलांना 'कार्यावरून कारण ओळखा' असें शिकविणाऱ्या आम्हांला तो साधा तर्क सुचला नाहीं, कारण सांगणारी व्यक्ति शाळेंतली नव्हती, स्वयंपाकघरांतली होती.

नंतरच्या दोन वर्षांत ओटीच्या भिंतीला भेग पडली. पुतण्यानें ती उन्हाळ्यांत सिमेंटानें भरली. पावसानंतर ती शेजारीं पुन्हां उमटली. पुन्हां भरली. मॅम टॉरच्या लोकांना नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तुळशीवृंदावनाजवळच्या पणतींतील तेल एका अंगास जमूं लागलें. तेंहि वहिनींनींच पाहिलें. शेवटीं आमचे एक जुने विद्यार्थी, जे आतां भूशास्त्र शिकवितात, ते आले. त्यांनीं घर पाहिलेंच नाहीं. सरळ वर काजूच्या झाळींत गेले, आणि अर्धचंद्राकार भेग दाखविली. पोफळींचे बुंधे खालीं कलून शेंड्याकडे सरळ झाले होते. म्हणजे झाडें वाढत असतां जमीन कलत होती. झऱ्याचें पाणी बागेंत आणणारा आमचा पाट त्या भेगेवरूनच जात होता, आणि अर्धें पाणी भेगेंत उतरत होतें. आमच्या वडिलांनीं काढलेला पाट! "गुरुजी," ते म्हणाले, "डोंगराला रोज हंडाभर पाणी तुम्हीच पाजतां आहां."

त्यांनीं सांगितलेले उपाय जगभर तेच आहेत. पाणी आंत जाऊं देऊं नये, गेलेलें बाहेर काढावें. माथ्यावर ओझें घालूं नये, पायथा खणूं नये. जपाननें दरडींच्या प्रतिबंधासाठीं १९५८ सालीं स्वतंत्र कायदा केला. ओसाकाजवळच्या कामेनोसे येथें १९३१-३२ च्या दरडीनें आगगाडीचा बोगदा चिरडला आणि नदीचें पात्र वर उचललें, तेथें डोंगराखालून पाणी काढण्यासाठीं विहिरी आणि बोगदे खणले आहेत. आम्हीं आमच्या ऐपतीप्रमाणें केलें : पाट बंद करून पाणी नळानें लांबून नेलें, भेग चिकणमातीनेंच ठांसून बुजविली, वर आडवा चर काढून पागोळ्यांचें पाणी बाजूच्या वहाळाला सोडलें, मागील दारीं पायथा तोडून न्हाणीघर वाढविण्याचा बेत सोडून दिला. झाडें लावा असें सर्व सांगतात, आणि वरवरच्या मातीला मुळें धरतातहि. पण घसरण खोलवर असेल तर मुळें तेथवर पोंचत नाहींत, हेंहि समजून असावें.

कठीण उपाय निराळाच होता. थोरले बंधु ऐंशीच्या घरांत. देवघर, गणपतीची जागा, वडिलांनीं प्राण सोडला ती खोली; हें सोडून पावसाचे चार महिने रस्त्याकडील चुलतभावांच्या घरीं निजावयास जाणें त्यांना अपमानाचें वाटलें. "घर मला सोडील तेव्हां मी घर सोडीन," असें ते म्हणाले. दोन रात्रीं वाद झाला. तिसऱ्या दिवशीं वहिनी, ज्या त्यांच्यासमोर कधीं आवाज चढवीत नाहींत, त्या शांतपणें म्हणाल्या, "आपण राहावें. मी नातवंडांना घेऊन जातें. दार मिटत नाहीं हें मीं सांगितलें, तेव्हां कोणीं ऐकलें नाहीं. आतां मी विचारीत नाहीं." त्या रात्रीं बंधूंनीं आपली वळकटी स्वतः उचलली. देवांची पूजा दिवसा मूळ घरीं होते, आणि दिवे लागल्यावर सर्व मंडळी खालीं जातात.

देवघराच्या भिंतीवर आतां एक कागद लाविला आहे. खुंट्यांमधलें अंतर दर एकादशीस मोजावें. पंधरवड्यांत एक बोटाहून अधिक वाढ झाली, नवी भेग दिसली, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें किंवा आटलें, दारें-खिडक्या अडूं लागल्या, तर विचारविनिमय न करतां दिवसाहि घर रिकामें करावें आणि तलाठ्यांना कळवावें. पहिल्या वर्षीं पावसाळ्याभरांत खुंट्या चार बोटें लांब झाल्या. पाणी वळविल्यावर दुसऱ्या वर्षीं दोन, आणि गेल्या वर्षीं एकाहून कमी. डोंगर बरा झाला, असें आम्ही म्हणत नाहीं. विंचरलेले कण पुन्हां गुंतत नसतात, आणि ओलें वर्ष केव्हां येईल तें पंचांगांत नाहीं. झोंप लागावयास मात्र एवढें पुरतें, असें वहिनी म्हणतात.

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आमचें उत्तर असें. मुसळधार पावसांत एका क्षणांत येणारी दरड फारसें सांगत नाहीं. तेथें उताराखालचें घर वेळींच सोडणें हाच मार्ग. शनैश्चर दरड मात्र सांगते, पण ती मोठ्या माणसांशीं मोठ्यानें बोलत नाहीं. ती दाराशीं, पणतीशीं, भिंतीच्या गिलाव्याशीं बोलते. आणि त्या वस्तूंशीं दिवसभर ज्यांचा संबंध येतो, त्यांच्याच कानीं तें प्रथम पडतें. घरांतील वडील मंडळींनीं एवढेंच करावें कीं, तें सांगण्यांत आलें असतां हंसूं नये. मोजण्याची वही आमच्या घरीं वहिनींकडे आहे. परवांच्या एकादशीची त्यांची नोंद आम्हांस कळली ती अशी : "फरक नाहीं. परसूचें दार आज मिटलें, पण कडी लागत नाहीं."